मारोतीनंतरचा इतवार

सिस्टरच्या घरी कांदे बाळाच्या काट्यावर तोलले जायचे. मिशनच्या ज्या दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली तो बंद पडला, तेव्हा तिथलं सामान विकायला निघालं. बाकीच्यांनी खाटा नेल्या, कपाटं नेली, पंखे नेले. सिस्टरनी नवजात बाळांना तोलायचा काटा आणला, वरच्या पांढऱ्या तसराळ्यासकट. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले त्याच्या पहिल्याच रविवारी त्यांनी त्या तसराळ्यात कांदे ओतले, काटा स्थिर होईपर्यंत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "तीन किलो दोनशे. नॉर्मल." मला वाटलं, बाई गंमत करताहेत. स्वयंपाकाच्या बाबतीत त्या गंमत करत नसत, हे मला पुढे कळलं.

तेव्हा मी सौसरच्या पोस्टात नवीन लागले होते. माझं घर लोधीखेड्याला. रोज जाणं-येणं सहज जमलं असतं, पण मला वेगळं राहायचं होतं, आणि आईला ते पटत नव्हतं म्हणून तर फारच राहायचं होतं. सिस्टरच्या घराला मागच्या बाजूनं दोन खोल्या होत्या. खोल्या दाखवण्याआधी त्यांनी मला फाटकाजवळच्या नळावर नेऊन उभं केलं. तिथे तारेला साबणाची वडी अडकवलेली होती.

"हात धू."

"मी फक्त खोली बघायला आलेय."

"तू पोस्टवाली ना? दिवसभर चिठ्ठ्या हाताळून राहिली. किती लोकाइचा थुका लागला असन त्या तिकिटाइले."

मी हात धुतले. दूधवाला धूत असे, गॅसची टाकी आणणारा धूत असे, मतं मागायला आलेला एक उमेदवारही माझ्यादेखत मुकाट्यानं धुऊन गेला. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, ताठ बाई. साडीच्या खांद्याला पिनेनं लावलेलं नर्सचं घड्याळ उलटं लोंबत असायचं. लग्न केलेलं नव्हतं. गावात त्यांना नावानं हाक मारणारं कुणीच उरलं नव्हतं. भाजीवाल्यापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळे सिस्टरच म्हणत. मला त्या शेवटपर्यंत पोस्टवाली म्हणाल्या.

त्यांची सगळी भाषा दवाखान्यातली होती. भात शिजला की "डिस्चार्ज द्या याले." दूध उतू गेलं की "पेशंटवर लक्ष नव्हतं तुहं." कुणी घाईघाईनं कांदा चिरू लागलं की "घाई करन त्याले टाका पडन." आणि एखादं काम संपलं, भांडी पालथी पडली, ओटा पुसून झाला, की त्या घड्याळ उचलून बघत आणि म्हणत, "ड्यूटी सुटली." हे ऐकल्याशिवाय त्यांच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडायची कुणाची टाप नव्हती.

वर्षभर त्या एकट्याच, साधंच जेवत. ज्वारीची भाकर, वरण, एखादी पालेभाजी. पण वर्षातून एकदा त्यांच्या अंगणात जो स्वयंपाक होई, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. ईस्टरच्या रविवारचं जेवण. त्या दिवशी पांढुर्ण्याहून त्यांचा भाऊ सगळं घर घेऊन येई: बायको, दोन मुलं, सुना, नातवंडं, सगळी मिळून चौदा माणसं. सिस्टरना या जगात रक्ताची माणसं होती ती एवढीच. आई लवकर गेली, तेव्हा हा भाऊ इतका लहान होता की सिस्टरनी त्याला कडेवर घेऊन नर्सिंगचा अभ्यास केला, असं त्या सांगत. आता भावाची साठी झाली होती, संत्र्याचा मोठा बगीचा होता, आणि पांढुर्ण्याच्या प्रार्थनामंदिराचा तो सेक्रेटरी होता. सिस्टर त्याला अजूनही बारक्या म्हणत, आणि तेही चारचौघांत.

या जेवणाची तयारी जेवणाआधी कितीतरी दिवस सुरू व्हायची. सिस्टरच्या ट्रंकेत दवाखान्यातले तापाचे कोरे तक्ते होते, शे-दोनशे तरी असतील. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या ड्यूटीचा कागद लिहीत. मसाला भाजणे: मोठी सून. खोबरं किसणे: धाकटी सून. मटण आणणे: मोठा पुतण्या, सकाळी सात, सोबत झाकणाचा डबा. पाणी भरणे, सतरंज्या घालणे, नातवंडांची नखं तपासणे. प्रत्येकाच्या नावापुढे वेळ. खाली सही आणि तारीख. या कागदाच्या तीन नकला होत आणि त्यातली एक बसच्या कंडक्टरच्या हाती पांढुर्ण्याला जाई. मी पोस्टातली असूनही त्यांचा पोस्टावर काडीचा विश्वास नव्हता.

कागद एकदा गेला की त्यात बदल नाही. एका वर्षी मोठ्या सुनेनं फोन करून विचारलं, मसाल्याऐवजी मी खोबरं केलं तर चालेल का? सिस्टरनी फोन थर्मामीटरसारखा तोंडापासून दूर धरून, मोठ्यानं ऐकू येईल असा लावलेला असायचा, त्यामुळे हे संभाषण शेजारपाजारालाही ऐकू गेलं. "बाई," त्या म्हणाल्या, "दवाखान्यात दोघीजणींनी आपसात ड्यूटी बदलली का वार्डात कोणीच नसते. ही म्हणते ती हाये, ती म्हणते ही हाये. ड्यूटी लागली म्हंजे लागली."

आणि त्या कागदावर सगळ्यात वर, दरवर्षी, एकच ओळ असायची: "प्रार्थना: बारक्या."

जेवणातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लांब रोटी. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मडकं, खाली लाकडांचा जाळ. कणीक इतकी सैल की हातातून ओघळावी. ती आपटून आपटून तिला ताण आणायचा, मग गोळा दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि एका फटक्यात मडक्यावर पसरायचा. मागून प्रकाश आरपार दिसला पाहिजे. मिनिटभरात भाजते, काढून रुमालासारखी घडी घालायची. याला दोघी लागतात, एक टाकणारी आणि एक काढणारी. सिस्टर टाकत, भावजय काढे. माझी आईसुद्धा आमच्या घरी लांब रोट्या करायची, आणि मी शिकलेली मुलगी म्हणून त्या मडक्यापासून लांब पळाले होते. हे कळल्यावर सिस्टरनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं आईनंही कधी बघितलं नव्हतं.

"लोधीखेड्याची पोरगी अन मटक्यावरची रोटी येत नाही? मंग पोस्टात काय करून राहिली तू?"

दोघींचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. तेव्हापासून ड्यूटीच्या कागदावर शेवटी माझं नाव येऊ लागलं. पुढे लिहिलेलं असे: राखीव.

आता मूळ गोष्ट. सिस्टर ईस्टरची तारीख कुणाला विचारत नसत. त्यांचे वडील दवाखान्याच्या आवारात माळी होते, लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा एक नियम होता. चैत्रातल्या पौर्णिमेला, हनुमान जयंतीला, जामसावळीच्या मारोतीला लोक रस्त्यानं पायी निघतात. ती पौर्णिमा झाली की पुढचा रविवार आपल्या ईस्टरचा. "मारोतीनंतरचा इतवार आपला," असं ते म्हणत आणि बहुतेक वर्षी ते बरोबरही निघे, कारण दोन्ही सण एकाच चंद्रावर चालतात. सिस्टरनी हा नियम बापाकडून घेतला. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या फक्त मारोतीचं चित्र शोधत, तिथून पुढचा रविवार गाठत, आणि मागे चाळीस दिवस मोजून आपले उपवासाचे दिवस धरत. त्या दिवसांत मटण नाही, अंडं नाही. बाकी काय छापलंय ते वाचायच्या भानगडीत त्या पडत नसत. गुडघ्यांमुळे पांढुर्ण्याच्या प्रार्थनेला जाणंही अलीकडे सुटलं होतं.

पण अधिक महिना येऊन गेला की पुढच्या वर्षी आपला चैत्र उशिरा येतो, आणि ईस्टर काही अधिक महिना पाळत नाही. मग तो होळीच्या मागोमागच येऊन जातो. नोकरीत असताना असं कधी झालंच असेल, तर दवाखान्याच्या नोटीसबोर्डावर तारीख लागत असे आणि बापाचा नियम चुकला हे सिस्टर विसरून जात असाव्यात. विसरण्याच्या बाबतीतही त्या शिस्तीच्या होत्या.

त्या वर्षी धुळवड झाली आणि सिस्टरनी ड्यूटीचा कागद लिहिला. हनुमान जयंतीनंतरचा रविवार. म्हणजे अजून जवळजवळ पाच आठवडे. कागद कंडक्टरच्या हाती गेला. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी ओट्यावर बसून केस वाळवत होते. सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी खांद्यावरचं घड्याळ उचलून पाहिलं.

"आज पोस्टात नाही गेली?"

"सुट्टी आहे ना."

"कायची?"

"गुड फ्रायडे."

हे बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी काय बोलतेय आणि कुणाला. सिस्टरनी हातातलं घड्याळ सोडून दिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या सरकारी सुट्टीवर माहा देव उठत नसते." पण आत गेल्या त्या सरळ कॅलेंडरापाशी. मी दारातून पाहिलं. त्या बोट लावून, पहिल्यांदाच, तो महिना सगळा वाचत होत्या.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. भावाचा. त्यांनी तो नेहमीसारखा लांब धरला.

"ताई, हे कायचा इतवार लिवला तू? ईस्टर परवा हाये."

बोट अजून कॅलेंडरावर होतं. चूक डोळ्यांसमोर दिसत होती. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अरे हो, माझं चुकलं. सिस्टर म्हणाल्या, "तुमचा असन परवा. माह्यावाला मारोतीनंतर हाये."

"जग एकीकडं अन तू एकीकडं? तुह्या हट्टापायी येशू तिथंच थांबून राहीन का?"

"तीन दिवस थांबला. माह्यासाठी अजून चार हप्ते थांबन."

मग भाऊ हळू आवाजात म्हणाला, "मी सेक्रेटरी हाये ताई. मीच चुकीच्या इतवारी ईस्टर केला तं लोकं काय म्हणतीन? मी येत नाही."

"नको येऊ. कागदावर नाव तसंच राहीन."

फोन बंद झाला. सिस्टरनी तो उपडा ठेवला आणि परातीतल्या गव्हातले खडे निवडायला बसल्या. मी समोर बसले. एक खडा बाजूला टाकून त्या म्हणाल्या, "नियम बाबाचा होता. चुकली मी. बाबाले वाचता येत नव्हतं, मले येते."

"मग फोन करून सांगा ना तसं."

"कागद गेला," त्या म्हणाल्या. "धाकट्या पुतण्यानं कंपनीत त्या इतवारची पाळी बदलून घेतली असन. आता बदलला तं अर्धे इकडं, अर्धे तिकडं." हे खरंच होतं, पण अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं त्यांच्या ताठ मानेत होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला. एक माणूस आहे जगात आपलं म्हणण्यासारखं, आणि त्याला फोन उचलून एक वाक्य बोलता येत नाही या बाईला. मी ते तोंडावर बोललेही. त्यांनी मला गव्हाची परात दिली आणि म्हणाल्या, "खडे पाह्य नीट."

खऱ्या ईस्टरच्या रविवारी त्यांनी ज्वारीची भाकर आणि वरण खाल्लं.

नंतरचे चार आठवडे पांढुर्ण्याहून फोन आला नाही आणि इकडून गेला नाही. ऊन वाढत गेलं. मध्ये चौदा एप्रिलला मी लोधीखेड्याला गेले. आमच्या घरी जयंतीला नेहमी मोठं जेवण असतं. येताना आईनं सिस्टरसाठी मटणाचा डबा दिला. सिस्टरनी झाकण उघडून वास घेतला. "मीठ जरा कमी हाये तुह्या आईचं," त्या म्हणाल्या. त्यांचा दावा होता की मीठ नाकाला कळतं, जिभेची गरज नाही. मग डबा माझ्याकडे सरकवला. "तू खाय. माहे दिवस चालू हायेत." चुकीचे का असेनात, त्यांचे चाळीस दिवस त्या पूर्ण पाळत होत्या.

आणि या आठवड्यांत मी रोटी शिकले. त्याचं असं झालं की सिस्टर एका संध्याकाळी मडकं तापवून, सराव म्हणून, एकच रोटी करायला बसल्या. गोळा हातावर घेतला, झुलवला आणि तो मधोमध फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. तेव्हा मला त्यांच्या बोटांची थरथर दिसली. त्यांना ती आधीच माहीत असावी. त्यांनी फक्त पाट सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या पहिल्या सहा रोट्या म्हणजे नुसती भोकं होती. "हे मच्छरदानी झाली," त्या म्हणत आणि दुसरा गोळा पुढे करत. दोन आठवड्यांत एक रोटी सलग झाली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उजेडासमोर धरली, एक्स-रे बघतात तशी बराच वेळ पाहिली. "नॉर्मल," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी स्वतःशीच हसत होते हे कबूल करते.

कागदावर मात्र रोटी काढण्यापुढे भावजयीचंच नाव होतं. मी राखीव.

हनुमान जयंती आली. जामसावळीकडे जाणाऱ्यांनी रस्ता दिवसभर भरलेला होता. सिस्टर फाटकाशी उभ्या राहून पायी चालणाऱ्यांना पाणी देत होत्या, अर्थातच आधी हात धुवायला लावून. शनिवारी त्यांनी सोळा अंडी उकडली आणि कांद्याची सालं उकळलेल्या, गार केलेल्या पाण्यात बुडवून ठेवली. सालांनी अंडी विटकरी होतात. बुडवण्याआधी त्यांनी प्रत्येकावर मेणानं नंबर काढला होता, म्हणजे तेवढा भाग पांढरा राहतो. "आमच्याकडे खाटेले नंबर असते," त्या म्हणाल्या, "म्हंजे औषध चुकत नाही." एक नंबरचं अंडं दरवर्षी भावाचं. यंदाही त्यांनी एक नंबर काढला. मी ते टोपलीत ठेवताना पाहिलं आणि मला बरं वाटलं नाही. उद्या हे अंडं कोण खाणार, हा प्रश्न आम्हा दोघींना होता.

रविवारी सकाळी सात वाजता मटण आणायला पुतण्या आला नाही. साडेसातला मी डबा घेऊन गेले. मसाला मी भाजला, खोबरं मी किसलं, सतरंज्या मी घातल्या. चौदा जणांची ड्यूटी आणि राखीवला लागलेली मी एकटी. सिस्टरनी कुणाचंही नाव खोडलं नाही. प्रत्येक काम झालं की त्या कागदाकडे बघून म्हणत, "हे मोठीचं झालं. हे धाकटीचं झालं." मटण चौदा जणांचं शिजत होतं. त्यांनी घड्याळाकडे बघत चमच्यानं एक तुकडा दाबला आणि जाळ मागे ओढला.

अकरा वाजता मडकं तापलं. काढणारीच्या जागेचा पाट रिकामा होता. सिस्टर तिथे जाऊन बसल्या.

"तिथं तर वहिनींचं नाव आहे," मी म्हणाले.

"ती येईस्तोवर मी सांभाळतो," त्या म्हणाल्या. "तू टाक."

मी टाकत गेले, त्या काढत गेल्या. दोन-तीन फाटल्या, बाकीच्या निघाल्या. त्या प्रत्येक रोटीची चौकोनी घडी घालत आणि फडक्यात ठेवत. नववी की दहावी रोटी मडक्यावर होती, तेव्हा फाटकाबाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. लहान मुलांचा गलका झाला. सिस्टरनी मान वळवली नाही. त्यांनी रोटी काढली, घडी घातली, ठेवली. मग बसल्या जागेवरूनच ओरडल्या, "हात धुतले का?"

"धूनच राहिलो ना बाप्पा," भावाचा आवाज आला.

तो नळावर वाकून हात धूत होता. त्याच्यामागे सगळी रांग होती. पांढरा शर्ट, उन्हानं लाल झालेलं तोंड, आधीपेक्षा बराच रोडावलेला. भावजय हात पुसत सरळ चुलीपाशी आली आणि सिस्टरना म्हणाली, "उठा ताई, माही ड्यूटी हाये." सिस्टर उठल्या. मी उठू लागले, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "तू टाकत राय."

टेम्पोतून आंब्यांच्या दोन पेट्या उतरल्या. एरवीच्या ईस्टरला आंबा कुठला असायला? या उशिरामुळे पहिल्यांदाच लांब रोटीबरोबर आमरस झाला. सगळ्यात लहान नात दोन वाट्या रस पिऊन म्हणाली, "आत्या आजी, दरसाल असंच चुकत जाय."

पण ते नंतर. आधी सगळे सतरंजीवर बसले, ताटं वाढली गेली, आणि कुणीही हात लावेना. कागदावरची पहिली ओळ सगळ्यांना पाठ होती. सगळे भावाकडे बघत होते. तो सेक्रेटरी होता. चार आठवड्यांपूर्वी त्यानं पांढुर्ण्याला सगळ्या लोकांसमोर ईस्टरची प्रार्थना केलेली होती. आता ती पुन्हा करायची म्हणजे एक तर तेव्हाची खोटी, नाहीतर आजची. तो उभा राहिला. त्यानं डोळे मिटले आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "प्रभू, आज तू उठला." पुढची प्रार्थना मला ऐकू आली नाही, कारण शेजारी सिस्टर पदरानं नाक पुसत होत्या आणि ते त्यांच्या नियमात मुळीच बसत नव्हतं.

आमेन झालं, तशा सिस्टर म्हणाल्या, "इतवार चुकला होता. चुकी माही होती." एवढंच. पुतण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आपली आत्या असं बोलू शकते हे त्यांना नवीन होतं.

"आंबा तं बराबर टाइमावर आला," भाऊ म्हणाला आणि खाली बसला.

सिस्टर टोपली घेऊन अंडी वाटू लागल्या, नंबर बघून. एक नंबरचं भावाच्या ताटात ठेवलं. त्यानं ते हातात घेतलं आणि नुसतं धरून बसला. तेव्हा भावजय म्हणाली, "खा ना आता. किती दिवस झाले."

"कशाचे किती दिवस?" सिस्टरनी विचारलं.

"काही नाही," भाऊ म्हणाला.

"काही नाही काय? तुमचा फोन ठेवला ताई, अन म्हणे, ताई सोडन तवाच आपण सोडू. खऱ्या ईस्टरले लोकाइले मटण वाढलं यायनं अन सोता वरणभात खाल्ला. लोकाइले सांगतलं, पोट बिघडलं. आमचे तं उपास फेब्रुवारीपासूनचे. सगळ्या घरानं शेंगा अन पालक खाल्ला, लेकरं सोडून. चौऱ्याहत्तर दिवस झाले. मी मोजले."

सिस्टर टोपली घेऊन तशाच वाकलेल्या होत्या. मग त्या गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसल्या, अगदी भावाच्या ताटासमोर.

"तुले शुगर हाये," त्या म्हणाल्या. "शुगरवाले असे उपास करतेत काय?"

"तपासत होतो."

"किती निघाली?"

"नॉर्मल."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं खांद्यावरचं घड्याळ उचललं आणि नाडी मोजू लागल्या. बोटं थरथरत होती म्हणून त्यांनी मनगट घट्ट दाबून धरलं. पूर्ण एक मिनिट गेलं. मटण निवत होतं, रोट्या निवत होत्या. साठीचा तो माणूस लहान मुलासारखा हात पुढे करून बसला होता. मिनिट संपलं तरी त्यांनी मनगट लगेच सोडलं नाही.

मग त्यांनी त्याच्या हातातलं अंडं घेतलं, ताटाच्या काठावर हलकं आपटलं, साल सोलली आणि पांढरं, गुळगुळीत अंडं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"खाय बारक्या," त्या म्हणाल्या. "ड्यूटी सुटली तुही."